एकच तळं, दोन शिकारी: अमेरिकेतल्या सार्वजनिक जमिनीवरची पक्ष्यांची शिकार आणि तिथली भांडणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर नोव्हेंबरात माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येतात. विचारणाऱ्यांपैकी काहींनी नुकतंच शिकारीचं लायसन्स काढलेलं असतं. काही जण पक्षी बघायला सॅक्रमेंटो खोऱ्यात गेलेले असतात आणि पहाटेचे बार ऐकून दचकलेले असतात. काही नुसतेच चौकस. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. इथलं बरंचसं कॅलिफोर्नियाबद्दल आहे, कारण माझ्या बुटांना चिखल लागलाय तो तिथलाच.

भारतात शिकारीला बंदी आहे. मग तिथे सरकारी जमिनीवर ती चालते कशी?

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर चालणाऱ्या शिकारीचाही दरवाजा लागला. अमेरिकेने उलटा रस्ता धरला. १९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांची बाजारासाठी होणारी कत्तल थांबवली, पण हंगाम, मर्यादा आणि फी ठरवून हौशी शिकार चालू ठेवली. १९३४ साली ‘डक स्टॅम्प’ आला, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी घ्यायचं सरकारी तिकीट. तेव्हा तो एक डॉलरला होता, आता २५ डॉलरला आहे. सोळा वर्षं आणि त्यावरच्या कोणालाही बदक मारायचं असेल तर तो घ्यावाच लागतो, आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरचे ९८ सेंट पाणथळ जमिनी विकत किंवा कराराने घेण्यात जातात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर, आता ११ टक्के, वन्यजीव खात्यांकडे वळवला.

भांडणाचं मूळ इथेच आहे. बदकवाला म्हणतो, हे तळं माझ्या स्टॅम्पच्या पैशातून घेतलंय. फेझंट हा गवतात राहणारा पक्षी मारणारा, म्हणजे फेझंटवाला म्हणतो, बांधावरचं गवत माझ्या काडतुसांच्या करावर वाढलंय. दोघंही खरं बोलतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघांकडे पावती असली की जसं होतं, तसंच.

पण नक्की बिनसतं कुठे?

बदकवाल्याला बसायचं असतं, फेझंटवाल्याला चालायचं असतं. बाकी सगळं त्यावरची फोडणी.

बदकाचा शिकारी रात्री अडीचला उठतो. छातीपर्यंत येणारे रबरी वेडर्स घालतो, पाठीवर प्लास्टिकच्या डझन-दोन डझन डिकॉय, म्हणजे खऱ्यांना भुलवणाऱ्या खोट्या बदकांचं पोतं टाकतो आणि अंधारात गुडघाभर चिखलातून तळं गाठतो. डिकॉय मांडून पाणकणसात दबा धरून बसतो. कपडे चिखलाच्या रंगाचे, तोंडाला काळं किंवा जाळी. त्याचा सगळा डाव शांततेवर असतो. वरून घिरट्या घालणाऱ्या कळपाला खाली काही हलताना दिसलं की कळप फुटतो आणि परत येत नाही.

फेझंट हा पाण्यातला पक्षी नव्हे. तो रानकोंबड्याच्या जातकुळीतला, लांब शेपटीचा, मूळचा आशियातला. शांघायमधले अमेरिकन वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१-८२ च्या सुमारास तो ऑरेगॉनमध्ये आणून सोडला आणि तिथून तो देशभर पसरला. उडण्यापेक्षा पळण्यावर त्याचा भर. त्यामुळे त्याला उठवायला माणूस आणि कुत्रा, दोघांनाही गवत तुडवत मैलोन्‌मैल चालावं लागतं. शीळ घालायची, कुत्र्याला हाका मारायच्या, आणि पक्षी ‘कक्क-कक्क’ करत उठला की बार.

आता फेझंट राहतो कुठे? तळ्यांच्या बांधांवर, चरांच्या कडेला, पाणकणसाच्या कोरड्या बाजूला. म्हणजे ज्या बांधापासून पन्नास पावलांवर तो चिखलाच्या रंगाचा माणूस पहाटे चारपासून श्वास रोखून बसलाय, नेमका तोच बांध.

तुझ्यावर असा प्रसंग आलाय का?

आलाय, आणि चूक माझीच होती. दुसऱ्याच वर्षी. एका वन्यजीव क्षेत्रात, नाव नको, मी बंड्याला (माझा लॅब्रॅडॉर, तेव्हा जेमतेम वर्षाचा) घेऊन आठच्या ठोक्याला बांधावरून निघालो. दाट धुकं. बंड्या एकदम पाण्यात घुसला. समोर आठ-दहा बदकं निवांत तरंगत होती, आणि कुत्रा अंगावर येतोय तरी एकही उडेना. मी म्हटलं, आजारी आहेत की काय! तेवढ्यात पाणकणसातून एक हात वर आला. नुसता हात. मग अख्खा माणूस उभा राहिला, वयाने माझ्या काकांएवढा, आणि अगदी शांतपणे म्हणाला, “तो तुझा कुत्रा माझं बदक चावतोय.” बंड्याने प्लास्टिकची मादी मानेला धरून, दोरी आणि शिशाच्या वजनासकट, माझ्यापुढे आणून ठेवली. शेपूट हलवत.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो थर्मास बंद करून सामान आवरायला लागला. म्हणाला, धुक्याच्या दिवशी पक्षी उशिरापर्यंत उडतात, आज मला अकरापर्यंत बसायचं होतं. सॅक्रमेंटो खोऱ्यातल्या या हिवाळी धुक्याला ‘टुली फॉग’ म्हणतात. टुली म्हणजे तिथलं लव्हाळं. धुक्यात बदकं खालून आणि दिवसभर उडतात, म्हणून बदकवाल्याची ती दिवाळी असते. मी नेमकी ती मोडली होती.

यावर नियम नाहीत का?

आहेत, आणि त्यातला सगळ्यात उपयोगी नियम घड्याळाचा आहे. बदकांवरचा पहिला बार सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. कॅलिफोर्नियात फेझंटवरचा पहिला बार सकाळी आठला. मिनेसोटात नऊला. साउथ डाकोटात दहाला. तिथे पूर्वी हंगामाच्या सुरुवातीचे काही दिवस दुपारी बारापर्यंत थांबावं लागायचं, २०२० पासून सगळा हंगाम दहाचा केला. आयोवात आठ ते साडेचार. या वेळा बदकवाल्यांसाठी आखल्या असं म्हणणं धाडसाचं होईल, पण त्यांच्यामुळे पहाटेचे दीड-दोन तास बसणाऱ्याला निर्धास्त मिळतात हे खरं.

आठनंतर काय, हा प्रश्न उरतो. कॅलिफोर्नियात फेझंटचा हंगाम नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी उघडतो. आणि तिथल्या रेफ्यूजेसवर, म्हणजे केंद्र सरकारच्या वन्यजीव राखीव क्षेत्रांवर, शिकारीचे दिवस असतात बुधवार, शनिवार, रविवार. म्हणजे हंगामाचा पहिला दिवस हमखास बदकवाल्यांच्या दिवशीच येतो. त्या सकाळी आठला पार्किंगमधून फेझंटवाल्यांच्या केशरी टोप्यांची रांग निघते, ती बघून पाण्यात बसलेल्याच्या पोटात गोळा येतो.

सॅक्रमेंटो रेफ्यूजने यावर एक तोड ठेवलीय, मला ती फार आवडते. बदकवाल्यांचे ब्लाइंड, म्हणजे लपून बसायच्या जागा, ज्या भागात आहेत त्या भागात फेझंटसाठी खास एक दिवस: हंगाम उघडल्यानंतरचा पहिला सोमवार. त्या दिवशी बदकाची बंदूक घरी. वर्षातून एकदा बांध चालणाऱ्यांचा.

जागा आधी धरली तर ती माझी होते का?

लोकलमध्ये रुमाल टाकला की सीट आपली, हा नियम आपण पाळतो. तिथे रात्रीच डिकॉय टाकून ठेवण्याचा मोह होणारे महाभाग आहेत. फेडरल रेफ्यूजवर ते चालत नाही, रोजचं सामान रोज उचलून न्यावं लागतं. सार्वजनिक जमीन, जो आधी येऊन बसला त्याची, जोवर तो बसलाय तोवर. उठला की संपलं.

जिथे गर्दी फारच आहे तिथे सोडत असते. म्हाडाची असते तशीच, फक्त घराऐवजी चिखलातला खड्डा मिळतो. सॅक्रमेंटो, डेलेव्हन, कलुसा या रेफ्यूजेसवर आधी अर्ज करायचा, नंबर लागला तर अंधारातच चौकीवर हजर व्हायचं, आणि आकड्यानुसार हवी ती जागा मागायची. काही जागा ठरलेले ब्लाइंड असतात, एकमेकांपासून बेताच्या अंतरावर. तिथे भांडण कमी, कारण सीमारेषा सरकारने आखलीय. उरलेला भाग ‘फ्री रोम’, म्हणजे वाटेल तिथे बसा, वाटेल तिथे चाला. भांडणं होतात ती इथेच.

इतकी चुरस कशाला, असं वाटेल. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातली ९० टक्क्यांहून जास्त नैसर्गिक पाणथळ जमीन शेती आणि धरणांखाली गेली. पक्षी आहेत, माणसं आहेत, तळी उरली नाहीत. बदकांना आधार उरलाय तो मुख्यतः भाताच्या खाचरांचा. १९९१ च्या कायद्याने पेंढा जाळण्यावर बंधनं आली, तेव्हापासून शेतकरी तो कुजवायला हिवाळ्यात खाचरांत पाणी सोडतात आणि बदकं उरलेले दाणे टिपतात. पण ती शेतं खाजगी. ज्याच्याकडे क्लबाची वर्गणी भरायला पैसे आहेत तो तिथे बसतो. बाकी आपण सगळे सोडतीत.

मग चूक कोणाची? बसणाऱ्याची की चालणाऱ्याची?

माझं मत विचाराल तर चालणाऱ्याने वळावं. मी स्वतः बहुतेक वेळा चालणाराच असतो, तरी हेच म्हणेन. साधा हिशेब आहे. मला वळायला पाच मिनिटं लागतात. त्याला डिकॉय गोळा करून दुसरीकडे मांडायला तास लागतो, आणि तोवर सकाळ संपलेली असते.

पण बदकवाल्यांचं एक मला पटत नाही. एक माणूस एका तळ्यात बसतो आणि शेजारची तिन्ही तळी आपल्या हवाई हद्दीत धरतो. तीनशे यार्डांवरून कोणी गेलं तरी हात हलवून हाकलतो. दहाच्या सुमाराला आभाळ रिकामं झालेलं असतं, तो स्वतः डुलक्या घेत असतो, तरीही. अशाला मी लांबून टोपी काढून दाखवतो आणि माझ्या वाटेने जातो.

यात गोळी लागायचा धोका किती?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर तो पहिला हवा.

छर्ऱ्याच्या बंदुकीची खरी मार चाळीस यार्डांच्या आसपास. पण छर्रे त्यापुढे दोनशे यार्डांहून लांब जाऊन पडू शकतात. उंचावरून पडलेले छर्रे टोपीवर टपटप वाजतात, पहिल्या पावसासारखे. त्याने इजा सहसा होत नाही, डोळा सोडून. म्हणून चष्मा.

खरा धोका सरळ रेषेतल्या बाराचा. बदक डोक्यावरून येतं, बदकवाला वर आभाळात बार काढतो. फेझंट पायातून उठतो आणि कित्येकदा कमरेच्या उंचीने गवतावरून निघतो. आता जमिनीत पुरलेल्या ब्लाइंडमध्ये बसलेल्या माणसाचं डोकं कुठे असतं? गवताच्या उंचीवर. आणि न दिसण्यासाठी त्याने दोनशे डॉलरचे कपडे घेतलेले असतात! म्हणून पक्ष्याच्या खाली आभाळ दिसत नसेल तर बंदूक खांद्याला लावायची नाही. पक्षी गेला तर गेला.

पक्ष्यामागे बंदूक फिरवत जाणं हा दुसरा सापळा. ११ फेब्रुवारी २००६ रोजी टेक्सासमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी लाव्यांच्या शिकारीत असेच वळले आणि त्यांचे सोबती हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर छर्रे बसले. ती खाजगी रँच होती, सगळे एकमेकांना ओळखत होते, कोण कुठे आहे हे माहीत असायला हवं होतं. सार्वजनिक जमिनीवर तर पलीकडे कोण आहे याचा पत्ताच नसतो.

मिनेसोटात फेझंटवाल्यांनी कमरेच्या वर एक तरी भडक केशरी किंवा गुलाबी कपडा घालायचा असा नियम आहे, बदकवाल्यांना त्यातून सूट. कॅलिफोर्नियात पक्ष्यांसाठी अशी सक्ती नाही. तरी मी केशरी टोपी घालतो आणि बंड्याच्या गळ्यात केशरी पट्टा. बदकवाल्याला मी दिसावा, हाच हेतू. त्याला मी दिसलो की तो हात वर करतो, आणि मग मला तो दिसतो.

काडतुसांवरूनही वाद होतात म्हणे?

होत असत. बदकांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, कारण तळाशी साचलेलं शिसं बदकं खड्यांसोबत गिळायची आणि मरायची. फेझंटवाले मात्र बऱ्याच ठिकाणी शिसं वापरत राहिले, ते त्याच तळ्यांच्या काठी. बदकवाले यावर चिडायचे, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिसं बंद केलं, तिथला वाद मिटला. आता सगळे मिळून पोलादी छर्ऱ्यांच्या नावाने बोटं मोडतात.

बदकवाले आपापसात भांडत नाहीत का?

अहो, सगळ्यात जास्त तेच भांडतात.

पहिला गुन्हा: साठ-सत्तर यार्डांवरच्या पक्ष्यांवर बार टाकणं. याला ‘स्कायबस्टिंग’ म्हणतात. पक्षी पडत नाही, जखमी होऊन लांब कुठेतरी मरतो, आणि शेजारच्याकडे उतरत असलेला कळप उधळतो. रेफ्यूजवर माणशी २५ काडतुसांचीच मर्यादा आहे, तिचा एक फायदा हा की उधळपट्टी करणारा लवकर रिकामा होऊन घरी जातो.

दुसरा: पंख फिरणारे बॅटरीवाले डिकॉय. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे पक्षी ओढले जातात, ज्याच्याकडे नाहीत तो बघत बसतो. कॅलिफोर्नियात हंगामाच्या सुरुवातीपासून ३० नोव्हेंबरपर्यंत ते वापरता येत नाहीत.

तिसरा म्हणजे शर्यत. आर्कान्सामधल्या बायू मीटोच्या पाण्याखालच्या जंगलात पहाटे मोटारबोटींची अशी झुंबड उडते की ते दृश्य देशभर प्रसिद्ध आहे: अंधार, झाडांमधून जाणारे दिवे, आणि प्रत्येकाला तीच चार झाडं हवीत. तिथे बार दुपारी बारालाच बंद होतात, म्हणजे पक्ष्यांना उरलेला दिवस मिळतो.

दोघांनी एकाच वेळी बार काढला तर पक्षी कोणाचा?

कायदा आणि रिवाज यांची गल्लत इथे फार होते. रिवाज असा की ज्याच्या डिकॉयवर पक्षी उतरत होता त्याचा. चालणाऱ्यांमध्ये, ज्याच्या कुत्र्याने उठवला त्याचा. पण हा नुसता सभ्यपणा.

कोर्टात हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीच गेलाय. इंग्लंडमध्ये कीबल नावाच्या माणसाने आपल्या तळ्यावर बदकं पकडायची सोय केली होती. शेजारी हिकरिंगिल बंदुकीचे बार काढून ती बदकं उधळून लावायचा. १७०७ च्या निकालात न्यायाधीश होल्ट यांनी कीबलच्या बाजूने कौल दिला. त्यांनी दिलेला दाखला मजेशीर आहे: कोणी शेजारी चांगली शाळा काढून तुमच्या शाळेतली मुलं ओढली तर तक्रार नाही, पण रस्त्यात बंदूक घेऊन बसून मुलांना घाबरवलं तर आहे. म्हणजे शेजारच्या तळ्यात अधिक डिकॉय मांडणं चालेल, मुद्दाम धिंगाणा घालून पक्षी उडवणं चालणार नाही. फ्री रोममध्ये उभा असताना मला हा निकाल कितीदा तरी आठवतो.

दुसरा खटला अमेरिकेतला, १८०५ चा, न्यूयॉर्कमधला. पोस्ट नावाचा गृहस्थ शिकारी कुत्री घेऊन कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या पडीक जमिनीवर कोल्ह्यामागे लागला होता. कोल्हा हाताशी येणार तेवढ्यात पिअर्सन मध्ये आला, त्याने मारला आणि घेऊन गेला. कोर्ट म्हणालं, नुसता पाठलाग केल्याने जनावर तुमचं होत नाही, ते ताब्यात यावं लागतं. आजही तिथल्या लॉ कॉलेजात हा खटला सुरुवातीलाच शिकवतात. माझ्या मते निकाल बरोबर, आणि पिअर्सन तरीही चावटच.

भांडण पेटतं ते पायात कडी असलेल्या पक्ष्यावरून. अभ्यासक पक्ष्यांच्या पायात नंबराची ॲल्युमिनियमची कडी घालतात, आपल्याकडे मुंबईची बीएनएचएस ही निसर्ग अभ्यासाची संस्था घालते तशीच. तिथले बदकवाले मिळालेल्या कड्या दोरीत ओवून गळ्यात मिरवतात. साधं बदक “तू घे, तू घे” करत दिलं जातं. कडी चमकली की दोघांनाही आपलाच बार लागल्याची खात्री पटते. नाणं उडवून निकाल लागलेला मी पाहिलाय. हरलेल्याला कडीचा नंबर फोटोत मिळाला, कारण नंबर कळवला की पक्षी कुठे आणि कधी पकडला होता याची माहिती येते, आणि खरं तर मोल त्या माहितीचं.

कुत्रेवाल्यांचं काय?

त्यांचे दोन पंथ आहेत. एकांचा कुत्रा पक्ष्याचा वास लागला की पुतळ्यासारखा थिजतो, हे पॉइंटरवाले. दुसऱ्यांचा घुसून पक्षी उठवतो, हे फ्लशरवाले. थिजलेल्या कुत्र्यासमोरून दुसऱ्याचा स्पॅनिअल धावत जाऊन पक्षी उठवतो तेव्हा मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. उपाय एकच: दोन कुत्र्यांच्या मध्ये अख्खं शेत असू द्या.

दहा-पंधरा जणांची टोळी येते, त्यांच्यासमोर एकटा माणूस काय करणार?

आपल्याकडच्या हाक्यासारखंच असतं ते. रांग करून शेत तुडवत जायचं, पलीकडच्या टोकाला चार जण वाट अडवून उभे. साउथ डाकोटात ही परंपरा आहे, तिथला पहिला फेझंट हंगाम १९१९ चा, आणि फेझंट हा राज्यपक्षी. खाजगी शेतांवर ते शोभतं. सार्वजनिक तुकड्यावर पंधरा जण एकदा फिरले की आठवडाभर तिथे पीससुद्धा मिळत नाही. एकट्याने अशा वेळी गाडी वळवावी. गावाजवळचा मोठा तुकडा त्यांना देऊन टाका. लांबचा, वाकडातिकडा, पार्किंग नसलेला आपला.

स्थानिक आणि परराज्यातले, हे भांडण कितपत खरं?

फारच खरं, आणि वाढतंय. नॉर्थ डाकोटात फेझंट हंगामाच्या पहिल्या आठवड्यात परराज्यातल्यांना राज्याच्या वन्यजीव क्षेत्रांवर आणि ‘प्लॉट्स’ नावाच्या खुल्या खाजगी जमिनींवर मनाई असते. साउथ डाकोटात मुख्य हंगामाच्या आधी तीन दिवस सार्वजनिक जमीन फक्त रहिवाशांची, आणि बाहेरच्यांना बदकांचं लायसन्स सोडतीने. कॅन्ससने अलीकडे राज्याच्या जमिनीवर परराज्यातल्या बदकवाल्यांना रविवार, सोमवार, मंगळवार एवढेच वार ठेवले. नोकरदार माणसाने काय करायचं? रजा टाकायची.

भूमिपुत्रांचा मुद्दा आपल्याला नवा नाही. तिथे मी कोणत्या बाजूचा, हे सांगायला मला जरा अवघड जातं.

ससाणा घेऊन शिकार करणारे अजून आहेत?

आहेत, थोडे. पूर्ण परवान्यासाठी दोन वर्षं उमेदवारी करावी लागते, अनुभवी माणसाच्या हाताखाली. बाज, बहिरी, शिकरा हे शब्द आपल्याकडे फारसीतून आले ते याच छंदासोबत, त्यामुळे मराठी माणसाला तिथे बोलायला विषय मिळतो. त्यांचं बंदूकवाल्यांशी भांडण नाही, भीती आहे: वर्षानुवर्षं वाढवलेला पक्षी कोणीतरी चुकून टिपेल ही. ससाण्याच्या पायातल्या घुंगरांचा आवाज आला तर बंदुकीची नळी उघडून ती हातावर घ्या आणि गंमत बघा. ससाण्याने सूर मारून बदक पाडलेलं एकदा पाहिलं की आपली बंदूक अगदीच पोरकट वाटते.

आम्ही नुसते पक्षी बघायला जातो. आम्हाला त्रास होईल का?

नाही. सॅक्रमेंटो रेफ्यूजचा सहा मैलांचा गाडीरस्ता शिकारीच्या दिवसांतही खुला असतो, आणि तो शिकारीच्या भागात नाही. लाखो पांढरे हंस एकदम उठतात ते बघायला हिवाळ्यात जाच. भिगवणला पाहिलेले थापट्या आणि तलवार बदक तिथेही भेटतील. डक स्टॅम्प निरीक्षकांनाही घेता येतो, आणि फी असलेल्या रेफ्यूजवर तोच प्रवेशपास म्हणून चालतो.

मी एच-वन-बी वर आहे. मला बंदूक हातात घेता येते का?

फेडरल कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, पण एखाद्या राज्याचं वैध शिकार लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. राज्याचे नियम त्यावर वेगळे. मित्राची बंदूक ‘जरा धरून बघतो’ म्हणण्याआधी वकिलाशी बोला. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आणि वाद झालाच तर?

आधी बंदूक रिकामी करा आणि समोरच्याला ती रिकामी दिसू द्या. मग बोला. तो शिव्या देत असेल तर निघा. मुद्दाम तुमच्या डिकॉयवर दगड मारणं, मुद्दाम आवाज करणं हे कॅलिफोर्नियाच्या फिश अँड गेम कोडखाली गुन्ह्यात मोडतं. त्या कलमात शिकारीबरोबर ससाणेबाजीचाही उल्लेख आहे. अशा वेळी गाडीचा नंबर टिपून वॉर्डनला, म्हणजे वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला, कळवा. पण ‘मुद्दाम’ सिद्ध व्हावं लागतं. आठ वाजता बांधावरून चालणं हा कोणाचाही गुन्हा नाही, माझ्यासारखं धुक्यात कुत्रा सोडणं हाही नाही.

येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तू कुठे असशील?

घरी, फराळाच्या डब्यात उरलेल्या चकल्या संपवत. त्या दिवशीची गर्दी मला झेपत नाही. मी जातो डिसेंबरातल्या एखाद्या बुधवारी. पार्किंगमध्ये शिरलो की आधी गाड्यांच्या काचा बघतो. काचेवर दव घट्ट बसलं असेल आणि बॉनेट गार असेल, तर तो माणूस पहाटेपासून आत पाण्यात बसलाय. चिखलातल्या बुटांच्या खुणा कोणत्या दिशेला गेल्यात तेही दिसतं. खुणा उत्तरेला गेल्या असल्या की मी आणि बंड्या दक्षिणेचा बांध धरतो.